आधी शून्य ठेवून बघा

"गुलाबी!"

स्वयंपाकघरातून दोघं एकदम ओरडले आणि बाहेरच्या खोलीत माझ्या हातातला खडू मोडला. बारावीची पोरं सतरंजीवर बसली होती, मी त्यांना आलेख काढायला शिकवत होतो. पोरांनी माना आतल्या दाराकडे वळवल्या, मग माझ्याकडे, आणि मग शहाण्यासारख्या वहीत घातल्या.

"सर, आत काय व्हायलंय?" बालाजी बिरादारला गप्प बसवत नसे.

"हरभऱ्याच्या मुळाची गाठ कापायलेत. तुझं गणित सुटलं का?"

"न्हाई सर. सुरुवात कुठून करावी तेच कळंना."

"घाबरायचं नाही. आधी शून्य ठेवून बघायचं."

हे माझं ठरलेलं वाक्य. उदगीरात कितीतरी वर्षं मी गणित शिकवलं ते या एका वाक्यावर. पोरगं कितीही ढ असो, 'क्ष'च्या जागी शून्य ठेवायला त्याला भीती वाटत नाही. एकदा शून्याला काय होतं ते दिसलं, की पुढचं गणित माणसाळतं. पोरं माझ्या माघारी मला 'शून्य सर' म्हणत, तेही मला माहीत होतं.

पोरांना पाच उदाहरणं घालून दिली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने मी आत गेलो.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर मातीसकट हरभऱ्याची रोपं. माझ्या बायकोच्या हातात ब्लेड. शेजारच्या खुर्चीवर, म्हणजे माझ्या खुर्चीवर, डॉ. निरंजन खासनीस बसलेला. माझ्या चहाच्या बशीत त्याने ज्वारीच्या दाण्याएवढी एक गाठ अर्धी कापून ठेवली होती.

"या मन्मथराव! बघा, आतून गुलाबी निघाली. म्हणजे ही गाठ कामाची. महानंदा, ती दुसरी दाखव ना यांना."

महानंदा! आमच्या गावात दुसऱ्याच्या बायकोला कुणी नावाने हाक मारत नाही. वहिनी म्हणतात, मॅडम म्हणतात, फार तर बाई म्हणतात. हा बंगळूरला शिकलेला, याला कोण सांगणार? आणि महानंदा त्याला 'सर' म्हणायची. मी 'अहो' आणि तो 'सर'.

तिने दुसरी गाठ दाखवली. ही आतून पांढरी होती.

"ही फुकट खाणारी," ती म्हणाली. "आतले जिवाणू झाडाची साखर खातात आणि देत काहीच नाहीत. गुलाबीतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला खायला घालतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात."

"मग झाडाला कसं कळतं, कुणाला खाऊ घालायचं ते?" मी विचारलं. विचारायला नको होतं, कारण खासनीस आनंदाने टाळी वाजवून म्हणाला, "तोच तर प्रश्न आहे! एका झाडाच्या मुळात दहा जणांची ये-जा. त्यात इमानदार कोण, हे झाड कसं ओळखतं?"

मी पाणी न पिताच बाहेर आलो.

महानंदा महिला महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायची. हरभऱ्याच्या गाठींवर तिची डॉक्टरेट चालली होती. गाठी मोजून, वाळवून, वजन करून झाल्यावर तिच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, नुसतं मोजणं आता पुरे. झाड आणि जिवाणू यांच्या देण्याघेण्याचं गणित मांड. झाड किती साखर देतं, जिवाणू किती नत्र देतात, त्यावर दोघं कसे वाढतात, याची समीकरणं. महानंदाला गणितवाला हवा होता. आणि ती कुठे गेली, तर विद्यापीठात. गणित विभागात नव्याने आलेल्या, बिनलग्नाच्या, शीळ घालत सायकल चालवणाऱ्या खासनीसकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. गावातली निम्मी इंजिनियर पोरं ज्याच्या हाताखालून गेली तो माणूस तिच्या घरात होता, रोज तिच्या हातची भाकरी खात होता.

खासनीस दर शनिवारी एसटीने यायचा. येताना कधी आवळे आणायचा, कधी नुसताच मोठमोठ्याने बोलत यायचा. शनिवार आला की सकाळपासून माझं डोकं ठणकायला लागे.

एकदा मी न राहवून विचारलं. ती पोळ्या लाटत होती.

"गणित आपल्या घरातही मिळतं म्हणे."

"मिळतं की."

"मग?"

लाटणं थांबलं. "तुमच्याकडचं नको."

"बोर्डाचं म्हणून?"

"तसं नाही हो." तिने पोळी तव्यावर टाकली. "तुम्ही एक कराल का? या माझ्या कागदांना हात लावू नका. बघूसुद्धा नका. आणि खासनीस सर असताना आत येऊन प्रश्न विचारू नका."

"बरं. आणखी काही? घर सोडून जाऊ?"

"घर कशाला सोडता? दळण तेवढं घेऊन या."

मी दळण आणायला गेलो. गिरणीत उभा असताना माझ्या अंगाचा तीळपापड होत होता. बायकोने नवऱ्याला स्वयंपाकघरात यायची बंदी घालावी आणि परका माणूस तिथे बशीत गाठी कापत बसावा! पण शब्द दिला होता. त्या दिवसापासून मी त्या कागदांना हात लावला नाही. टेबलावर पडलेले असले तर चिमट्याने पापड उचलावा तशी मी माझी चष्म्याची डबी त्यांच्या कडेने उचलून घ्यायचो. मानी माणूस होतो मी. जळत होतो, पण मानाने जळत होतो.

त्यात त्या पाटीने आगीत तेल ओतलं.

गावच्या विज्ञान मंडळाने महानंदाचं व्याख्यान ठेवलं. झाड आणि जिवाणू एकत्र राहतात, त्याला शास्त्रात सहजीवन म्हणतात. त्यामुळे विषय ठरला 'सहजीवनाचे गणित'. पण मंडळाच्या सचिवाने काटकसर केली आणि हरभरा, जिवाणू वगैरे गाळून पेंटरकडून चौकात मोठी पाटी लावली: 'सहजीवनाचे गणित. सौ. महानंदा मेनकुदळे आणि डॉ. निरंजन खासनीस. सर्वांनी सपत्नीक यावे.'

सकाळी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं तर सगळे गप्प. मराठीचे गुट्टे सर तेवढे पानाला चुना लावत होते.

"मेनकुदळे सर, पाटी वाचली. झकास आहे."

"हं."

"न्हाई, मी म्हणतो, सहजीवन वहिनींचं, गणित खासनिसांचं. मग तुमच्या वाट्याला काय?"

"सतरंज्या," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो. तो हसण्याचा आवाज माझा नव्हता.

संध्याकाळी सभागृह ओसंडून वाहत होतं. नवी लग्नं झालेली जोडपी आली होती, साड्या नेसून, अत्तरं लावून. पहिल्या रांगेतल्या निवृत्त तहसीलदारांनी महानंदाला मध्येच थांबवून विचारलं, "ते मुळ्यांचं राहू द्या बाई, सासू-सुनेचं यात कुठं बसतं ते सांगा." हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. महानंदा हसली, खासनीस तर टेबलावर हात आपटून हसला, आणि हसता हसता दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मी पंख्याखाली उभा राहून बघितलं. चांगल्या विनोदावर माणूस आपल्या माणसाकडे वळून बघतो. ती माझ्याकडे वळली नव्हती.

त्या रात्री जेवताना मी म्हणालो, "खासनीस लग्न का करत नाही?"

"विचारा की त्यांना."

"तूच विचार. तुमचं सहजीवन आहे."

तिने ताटावरून नजर उचलली. भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "थोडे दिवस धीर धरा. एवढं होऊ द्या माझं." आणि ताट घेऊन उठली.

धीर धरायचा म्हणजे नेमकं काय होऊ द्यायचं, ते तिने सांगितलं नाही. मी मनात नाही नाही ते मांडत बसलो. गणितवाल्याचा मत्सर वाईट, त्याला शक्यता मोजायची सवय असते.

शेवटी तोंडी परीक्षेचा दिवस आला. विद्यापीठात अशी परीक्षा सगळ्यांसमोर होते. कुणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावेत. उमेदवाराच्या घरच्यांनी पेढे आणायचे, अशी पद्धत. पेढ्यांचा खोका मांडीवर घेऊन मी शेवटच्या रांगेत बसलो. आमचे प्राचार्य मुद्दाम आले होते, ते माझ्या शेजारी. माझ्या शिकवणीची काही पोरं तिथे पुढचं शिकत होती, तीही फुकटच्या पेढ्यांच्या वासाने येऊन बसली होती. त्यात बालाजी बिरादार होताच. पहिल्या रांगेत खासनीस, पायावर पाय टाकून.

महानंदाने मोरपंखी साडी नेसली होती. घरून निघताना मी म्हणालो होतो, छान दिसतेस. ती म्हणाली होती, हात गार पडलेत. मी ते हातात घ्यायला हवे होते, पण त्या वेळी माझ्या मनात खासनीस काय घालून येईल हाच विचार होता.

परीक्षक पुण्याचे होते, डॉ. वर्तक. पिकलेले, प्रेमळ गृहस्थ. महानंदाचं सांगून झालं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, गाठींचं तुमचं काम उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या प्रबंधाचा जीव आहे तो पाचव्या प्रकरणात. ही समीकरणं. गणित इतकं चोख आहे, की..." ते हसले. "तुमचे मिस्टर गणिताचे प्राध्यापक आहेत, असं मघाशी त्यांचे प्राचार्य सांगत होते. आले आहेत का ते? अच्छा, ते काय मागे! छान करून दिलंत हो. संसार असावा तर असा."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. प्राचार्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पोरांनी माना उंचावल्या. कुणाच्याही चेहऱ्यावर वाकडं काही नव्हतं, सगळे कौतुकाने बघत होते. खासनीसही वळला. त्याने बोलायला तोंड उघडलं, महानंदाकडे बघितलं आणि मिटलं.

मला काही बोलायची गरज नव्हती. नुसती मान खाली घालून, 'अहो कसचं काय' अशा चेहऱ्याने बसून राहिलो असतो, तरी काम झालं असतं. चौकातली ती पाटी पुसली गेली असती, गुट्ट्यांचं तोंड बंद झालं असतं, आणि इतके शनिवार माझ्या खुर्चीवर बसलेला खासनीस एका क्षणात माझ्या घरातून गेला असता. सगळं ताटात वाढून समोर आलं होतं. खोटं बोलायचीही तोशीस नव्हती.

माझ्या ओठांवर हसू आलं. आलं, हे खरं आहे.

मग मी फळ्याजवळ उभ्या असलेल्या महानंदाकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती. तिने विनवणीही केली नाही. निकालाच्या पाटीपाशी पोरं आपला नंबर शोधतात तशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी उठलो. मांडीवरचा पेढ्यांचा खोका खाली पडला.

"सर," मी म्हणालो, "मला त्यातलं ओ की ठो माहीत नाही."

लोक हसले. वर्तकही हसले. "अहो, विनय पुरे झाला."

"विनय नाही सर. तिने मला तो कागद दाखवलासुद्धा नाही. हात लावायचीही बंदी होती. त्या समीकरणात काय आहे हे इथल्या शिपायाला जेवढं माहीत असेल तेवढंच मला माहीत आहे. विचारायचं ते तिलाच विचारा."

या खेपेला हसणं वेगळं होतं. गावातल्या गणिताच्या मास्तराला बायको गणित दाखवत नाही, याचं ते हसणं होतं. प्राचार्यांनी पाठीवरचा हात काढून घेतला. मी खाली बसलो, माझे कान तापले होते.

वर्तकांनी खासनीसकडे बघितलं. "मग तुम्ही?"

"मी फक्त 'चुकलं' म्हणायचो सर," खासनीस म्हणाला. "उत्तर सांगायचं नाही, अशी अट होती त्यांची."

'त्यांची' म्हणाला. महानंदाची नाही. तेवढ्यातही माझ्या लक्षात आलं.

"बरं," वर्तक सरसावून बसले. आता त्यांच्या आवाजातला काका गेला आणि परीक्षक आला. "मग मॅडम, मला एक सांगा. झाड जिवाणूला मदत करतं, जिवाणू झाडाला. एक वाढला की दुसरा वाढतो, दुसरा वाढला की पहिला. या हिशेबाने तुमचा हरभरा ढगाला लागायला पाहिजे. तो गुडघ्याएवढाच का राहतो? प्रबंधात काय लिहिलंय ते नको. फळ्यावर मांडून दाखवा."

महानंदाने खडू घेतला. तिने झाडासाठी एक समीकरण लिहिलं, खाली जिवाणूंसाठी दुसरं. थांबली. खोडलं. परत लिहिलं. ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मग, स्वतःशीच बोलावं तशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली,

"घाबरायचं नाही. आधी शून्य ठेवून बघायचं."

"आरं, शून्य सर!" बालाजी बिरादार भसकन म्हणाला आणि पोरं फिसकन हसली.

मी हसलो नाही.

"जिवाणू शून्य ठेवले," ती लिहीत म्हणाली, "तर झाड मरत नाही. मातीत असेल तेवढ्यावर, आपल्या कुवतीएवढं वाढतं. आता झाड शून्य ठेवू. तरी जिवाणू मातीत तग धरून राहतात. म्हणजे सर, दोघं एकमेकांवाचून जगू शकतात. अडून कुणाचंच राहिलेलं नाही." तिने दोन्ही समीकरणांखाली रेघ मारली. "मग एकत्र येतात तेव्हा काय होतं? झाड जी साखर देतं ती फुकटची नसते, स्वतःच्या पानांतून काढून देतं. ही बघा, इथे मी ती वजा केली आहे. ही वजाबाकी विसरलो तर हरभरा ढगाला लागतो. आणि गाठ पांढरी निघाली, तर झाड तिची साखर तोडतं. गुलाबी असेल तर देत राहतं. पण जन्मभर कितीही नाही. परवडेल तितकंच."

वर्तकांनी आणखी चार प्रश्न विचारले. चारही तिने सोडवले. एकदा ती चुकली, खासनीसच्या तोंडून सवयीने 'चुकलं' निघून गेलं, आणि ती "हो, चिन्ह" म्हणून स्वतःच दुरुस्त करून मोकळी झाली. शेवटी वर्तक उठले आणि म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर."

पेढे जमिनीवर पडून चेपले होते, तरी पोरांनी संपवले. खासनीस पेढा तोंडात टाकून माझ्यापाशी आला.

"मन्मथराव, एक विचारतो. तिचा पाया इतका पक्का कुणी करून घेतलाय? मी विचारलं की नुसती हसायची."

तुझ्याकडे बघून कशाला हसायची, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी त्याला दुसरा पेढा दिला.

उदगीरच्या स्टँडवर आमची स्कूटर ठेवलेली होती. ती मागे बसली. चौक आल्यावर मी वेग कमी केला.

"तू गणित शिकलीस कधी?" मी विचारलं.

"भाजी चिरता चिरता. तुमचा आवाज काय कमी आहे? दरवर्षी बाहेर तुमची पोरं बारावी पास होतात, आत मी होते. तेवढं पुरेना म्हणून पुढचं सरांकडून शिकले."

"मग पुढचंही मला का नाही विचारलंस?"

"आमच्या विभागात वाघमारे बाई आहेत ना, त्यांना अजून 'मिस्टरांच्या डॉक्टर' म्हणतात. त्यांचे मिस्टर नाही नाही म्हणत राहिले, पण कुणाला खरं वाटलं नाही, कारण त्यांनी खरंच चार गणितं बघितली होती. आज ना उद्या तुम्हाला कुणीतरी विचारणार हे मला माहीत होतं. तेव्हा तुम्हाला खरं बोलता आलं पाहिजे." ती जरा थांबली. "पण हसलात तुम्ही."

"हसलो नाही."

"हसलात. मी बघत होते. 'हो' म्हणतात की काय, असं वाटलं. तेवढ्यात मीही शून्य ठेवून बघितलं."

"कुणाच्या जागी?"

"तुमच्या."

स्कूटर थोडी लचकली. समोरून बैलगाडी येत होती.

"आणि काय आलं उत्तर?"

"पुढे बघून चालवा," महानंदा म्हणाली. पण तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो घरापर्यंत तिथेच होता.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. खासनीसने लग्न केलं, त्याचे केस गेले, तो परदेशी जाऊन परत आला. तरी हरभऱ्याला घाटे धरले की त्याचा फोन येतो आणि महानंदा आतल्या खोलीत जाऊन घेते. दोघं अजून त्या गाठींवरच बोलतात, हे मला ठाऊक आहे. तरीही तिचं हसणं बाहेर आलं, की मी फळ्याकडे वळतो आणि समोरच्या पोरांना, कारण नसताना, जरा चढ्या आवाजात सांगतो,

"घाबरायचं नाही! आधी शून्य ठेवून बघायचं!"

पोरं दचकतात. आत हसणं थांबतं.

"ऐकलं हो," आतून आवाज येतो.